स्थळ पाहणी

वकिलीची सनद हातात पडली त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, "मी कुणाच्या हाताखाली काम करणार नाही! स्वतःचं ऑफिस, स्वतःची पाटी, स्वतःचे पक्षकार!"

हंबीरराव वकिलांकडे मी शिकत असताना इंटर्नशिप केली होती. त्यांनी मला परोपरीनं समजावलं. "मनाली, दोन वर्षं माझ्याकडं बस. कायदा तुला येतोय. पण पक्षकार काय बोलतोय ते तुला कळत नाही आणि तू काय बोलतेस ते पक्षकाराला कळत नाही."

मी मान डोलावली आणि थेट पाटी रंगवायला टाकली. 'ॲड. मनाली कुरणे, बी. ए. एलएल. बी.' बी. ए. लिहायची काही गरज नव्हती, पण पाटी रिकामी दिसत होती!

ऑफिस मिळालं कोल्हापूरच्या शाहूपुरीत, पंप दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. लोखंडी जिना, एक टेबल, माझी एक खुर्ची आणि पक्षकारांसाठी दोन. त्या दोनपैकी एका खुर्चीवर रोज सकाळी माझे पप्पा येऊन बसायचे. पप्पा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. रिकामी गाडी स्टँडवर उभी असली की पॅसेंजर चढत नाहीत, आत दोघंतिघं बसलेली दिसली की भराभरा चढतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव! म्हणून ते मांडीवर पिशवी ठेवून पक्षकार होऊन बसत. जिन्यावर पावलं वाजली की उठायचे आणि खालच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "बरं वकीलबाई, येतो मग! लई उपकार झाले!"

पावलं बहुतेक वेळा चहावाल्याची असत. तो तर पप्पांना ओळखत होता. तरी पप्पांनी एकदाही चुकवलं नाही.

आणि एक दिवस खरोखरचा पक्षकार चढून वर आला. कोडोलीचे बाळासो. खाली पंप दुरुस्तीला टाकला होता, वेळ होता, पाटी दिसली, आले.

"पावणं, बसा की," पप्पाच म्हणाले आणि जायचं सोडून शेजारी बसले.

बाळासोंची तक्रार सरळ होती. त्यांच्या उसाच्या रानात जायची पाणंद, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची गाडीवाट, त्यांच्या मेव्हण्यानं बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली होती.

"कारण काय?"

"त्याच्या घरभरणीला गेलतो. पांढरा रस्सा वाढला. मी म्हणालो, नागसेन, रश्श्यात पोहायला सोडलंयस व्हय रे आमास्नी? एवढंच! दुसऱ्या दिवशी पाणंद बंद!"

कोल्हापुरात माणसाच्या रश्श्याला पातळ म्हणणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो, याचा मी गंभीरपणे विचार केला.

"वकीलबाई, सोमवारी ऊसतोड येतीया. ट्रॅक्टर आत गेला न्हाई तर टोळी पुढच्या गावाला जाणार. मग माझा ऊस रानातच वाळणार. तेवढं करा की कायतरी. आन् एक, घरात कळता कामा न्हाय! आक्काताईच्या सख्ख्या भावावर केस केली म्हटल्यावर माझी भाकरी बंद हुईल."

"काळजी करू नका," मी म्हणाले. "वकील आणि पक्षकार यांच्यातली गोष्ट ही गोपनीय असते."

तहसीलदारांकडे अर्ज करायचा तर आधी जागा डोळ्यांनी बघायला हवी. याला आमच्या भाषेत 'स्थळ पाहणी' म्हणतात. मी रुबाबात बाळासोंच्या मोबाईलवर फोन लावला. फोन बाईनं उचलला.

"कोन बोलतंय? मालक रानात गेल्यात. मी आक्काताई बोलतो."

आता आली का पंचाईत! पण माझं डोकं विजेसारखं चाललं. केस म्हणायचं नाही, वकील म्हणायचं नाही, अर्ज तर मुळीच नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता!

"जय भीम. मी कोल्हापुरातून, शाहूपुरीतून मनाली कुरणे बोलतेय," मी गोड आवाजात म्हणाले. "रविवारी स्थळ बघायला यायचं होतं."

पलीकडून फोन कानापासून लांब धरावा लागेल असा आवाज!

"जय भीम, जय भीम! या की! इचलकरंजीची मावशी म्हणालती, शाहूपुरीचं पावणं फोन करतील म्हणून!"

ही मावशी कोण ते मला कळेना. असेल कुणी साक्षीदार, असं समजून मी पुढं रेटलं. "कागदपत्रं तयार ठेवा. आणि आजूबाजूची माहितीची माणसं असली तर बरं."

"तर! मामाला सांगतो की. मामाबिगर कसं हुईल?"

फोन ठेवला आणि पप्पांना म्हणाले, "बघितलंत? केस हा शब्दसुद्धा न काढता सगळी व्यवस्था केली!" पप्पांचा ऊर भरून आला. कंडक्टरची मुलगी असं बोलते म्हणजे काय!

रविवारी आम्ही स्कूटरवरून कोडोलीला गेलो. मी पुढं, मागं फाईल छातीशी धरून पप्पा. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वकिलाबरोबर कारकून असला की वजन पडतं, हेही त्यांचंच म्हणणं.

अंगणात सडा, दारात रांगोळी. मी म्हटलं, वकिलाचा काय मान असतो गावात! हॉलमध्ये बाबासाहेबांचा बॅरिस्टरच्या वेशातला मोठा फोटो, त्याला ताजा हार. पप्पांनी हात जोडले, माझ्याकडं बघितलं आणि उगाचच डोळे पुसले.

"मालक बाजारात गेल्यात, येतील इतक्यात," म्हणत आक्काताई आमच्यासमोर बसल्या. शेजारी मिशीवाले एक दांडगे गृहस्थ. केसचं नाव न काढताच सगळं विचारायचं ठरवून मी फाईल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"किती दिवसांपासून अडलंय?"

आक्काताईंना ते आवडलं नाही. "अडलंय कशाला? गेल्याच साली बीएस्सी झाली की! स्थळं लई येत्यात, आमीच थांबलोय."

पाणंद बीएस्सी कशी झाली ते मला कळलं नाही. मी लिहून घेतलं.

"बरं. कुणाची हरकत?"

"कुणाची न्हाय बघा. पोरीच्या बापाचीबी न्हाय."

"कागदपत्रं?"

"आपल्यात पत्रिका बघत न्हाईत, म्हणून मार्कलिस्टा काढून ठिवल्यात." त्यांनी दहावीपासूनच्या गुणपत्रिका माझ्या हातात दिल्या. मी सातबारा शोधत त्या उलटसुलट केल्या. गणितात चांगले गुण होते.

इकडं मिशीवाल्यांनी पप्पांना धरलं. "मुलगा काय करतोय?"

"सूरज? पुण्याला असतो. कंपनीत इंजिनीअर."

"लग्नाचं बघताय न्हवं?"

"बघायला पाहिजेच की आता!" पप्पा खुशीत म्हणाले आणि मोबाईलमधला सूरजचा फोटो दाखवायला लागले. पप्पांना गाडीत शेजारी बसलेल्याशीसुद्धा दोन स्टॉपांत घरगुती बोलायची सवय. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि मुद्द्यावर आले.

"समोरच्या पार्टीशी बोलणं झालंय का?"

मिशीवाले खदखदून हसले. "समोरची पार्टी तुम्हीच की!"

"मी? छे! मी तुमच्या बाजूची आहे!"

"आक्का, पोरीच्या बाजूनं बोलणारी पावणी पैल्यांदाच बघाय लागलोय! सोन्यासारखं घर हाय बघ हे!"

तेवढ्यात आतून काठापदराची साडी नेसलेली एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मान खाली. मागं शेजारच्या दोन बायका दारातून डोकावत होत्या. पोहे, साडी, मार्कलिस्टा, सूरज... आणि 'स्थळ'! माझ्या डोक्यात जो काही उजेड पडला तो परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा कधी पडला नव्हता.

"ही आमची सोनम," आक्काताई म्हणाल्या. "आन् ह्यो पोरीचा मामा, नागसेन. शेजारचा मळा ह्याचाच."

नागसेन! माझ्या मांडीवरच्या फाईलवर 'जाबदेणार', म्हणजे विरुद्ध पक्ष म्हणून ज्यांचं नाव ठळक अक्षरात होतं ते! मी फाईल पालथी घातली आणि तिच्यावर पोह्यांची बशी ठेवली. हंबीरराव सर डोळ्यांसमोर उभे राहिले. पाटी उतरवून त्यांच्या दारात जावं लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझं जाऊ दे, पण त्या बाळासोंचा ऊस! खरं सांगितलं तर त्यांची भाकरी बंद, नाही सांगितलं तर तोड बंद!

त्याच क्षणी केळ्यांची पिशवी घेऊन बाळासो दारात उभे! बायकोनं शाहूपुरीचं पावणं सांगितलेलं, आणि बघतात तर वकील!

"व... व... व..."

"व व काय करतासा? वेलकम म्हणा की!" आक्काताई गरजल्या.

"वेलकम," बाळासो म्हणाले आणि मटकन बसले.

मी पाण्याचा घोट घेतला. आल्यासारखं काम तरी करून जावं, एवढंच सुचलं. "आम्हाला मळा बघायचा होता," मी म्हणाले. "तिकडं जायचा रस्ता कुठून आहे?"

नागसेनमामांची मिशी एकदम खाली आली. आक्काताईंनी भावाकडं असं बघितलं की मीच घाबरले.

"सांग की. पावण्यास्नी सांग, रस्ता कुठनं हाय."

"हाय की... रस्ता हाय..."

"गाडी जाते ना आत?" पप्पा निरागसपणे म्हणाले. "रस्ता नसला की फार हाल हो. आमची गाडी अशा किती गावांच्या वेशीवरनं परत फिरवली."

मामा ताडकन उठले. "दाजी, कोयता घ्या!"

मी पप्पांच्या मागं सरकले. पण ते सरळ बाहेर पडले आणि आम्ही सगळे मागोमाग. वाटेत सोनम माझ्या बरोबरीनं आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण मला आत्ता लग्न करायचं न्हाय."

"मलाही तुझं लग्न करायचं नाही," मी कुजबुजले. "मी वकील आहे. तुझ्या पप्पांची."

ती थबकली. बापाकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "गप बसा आता! आधी पाणंद मोकळी हुंदे!"

पाणंदीच्या तोंडाशी बाभळीचा ढीग. मामा आमच्याकडं न बघता म्हणाले, "रानडुकरं येत्यात म्हणून टाकलं हुतं," आणि स्वतः फांद्या ओढायला लागले. बाळासो पुढं झाले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं फांदी धरली. काटे दोघांनाही लागत होते. शेवटची फांदी बाजूला टाकल्यावर बाळासो मातीकडं बघत पुटपुटले, "रस्सा चांगला हुता रं. उगंच म्हणालतो."

"पातळच हुता," मामा म्हणाले. "मानसं लई आलती."

आक्काताईंनी पदरानं डोळे टिपले. मला काय झालं कुणास ठाऊक, मलाही रडू आलं. पहिली केस दाखल व्हायच्या आधीच माझ्या डोळ्यांदेखत मिटत होती!

सोमवारी ट्रॅक्टर आत गेला. मंगळवारी आक्काताईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "वाईट वाटून घिऊ नका, पावणं. मानसं लई चांगली हाईसा तुमी. पर आमच्या पोरीला स्थळ पसंत न्हाय."

मी सुटकेचा श्वास सोडला. पप्पांनी नाही सोडला. "माझ्या सूरजला नापसंत? का म्हणून?" पुढं आठवडाभर ते पक्षकाराच्या खुर्चीत गाल फुगवून बसत होते. पुण्यात बसलेल्या सूरजला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता!

हंबीरराव सरांनी विचारलं, "पहिल्या केसचं काय झालं?"

"मिटली, सर. स्थळ पाहणीतच."

सर चाट पडले. "स्थळ पाहणीत? माझी हयात गेली, एकही मिटली नाही!" त्यांनी मला दोन वर्षं बस म्हणणं त्या दिवसापासून सोडून दिलं. मी खुलासा केला नाही.

आता माझ्याकडं पक्षकार जिन्यात उभे असतात. पप्पा गेले त्याला दोन वर्षं होतील. त्यांची खुर्ची मी बदललेली नाही. अजूनही चहावाल्याची पावलं वाजली की माझे कान उगाचच तिकडं लागतात, आणि मग त्यांची फार आठवण येते.

सोनमनं त्याच वर्षी लॉला प्रवेश घेतला, सुट्टीत माझ्या ऑफिसात येऊन पप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागली आणि घरात सगळं सांगून टाकलं. आक्काताई म्हणाल्या म्हणे, "तरीच! मार्कलिस्टा उलट्या धरून वाचत हुती!" गेल्या महिन्यात सोनमला सनद मिळाली. मी तिला परोपरीनं समजावलं, "दोन वर्षं माझ्याकडं बस. पक्षकार काय बोलतोय ते अजून तुला कळत नाही..."

"ताई, तुमास्नी कळत हुतं?"

परवा तिच्या ऑफिसला गेले. कोडोलीतच, बाजाराच्या वाटेवर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर 'ॲड. सोनम, बी. एस्सी., एलएल. बी.' बी. एस्सी.ची काही गरज नव्हती. मी जिना चढायला लागले आणि आतून खणखणीत आवाज आला, "बरं वकीलबाई, येतो मग! लई उपकार झालं!"

दारात आक्काताई. मांडीवरची पिशवी आता काखेत. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"तूच हाईस व्हय!" त्या म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. समोर सोनम कोरी फाईल उघडून गंभीर चेहरा करून बसली होती. तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. चप्पल नवी वाटत होती, अनोळखी. आक्काताईंनी मला कोपरानं ढोसलं.

मी पर्स काखेत मारली, उठले आणि खालच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं वकीलबाई, येतो मग!"