दोनदा नको, तिसऱ्यांदा हो

मला आमच्या बिल्डिंगचा सचिव व्हायचं होतं. अगदी मनापासून. माझा मेहुणा त्याच्या बिल्डिंगचा सचिव आहे आणि बायकोच्या तोंडी "आमच्या दादानं असलं चालवून घेतलं नसतं" हे वाक्य रोज येतंच. नळ ठिबकला, दादा. लिफ्ट अडकली, दादा. एकदा तरी या बाईनं माझं नाव असं घ्यावं, एवढीच माझी इच्छा. (लग्नाला वीस वर्षं झाली, फार मागतोय का?)

पण आपलं नाव आपणच सुचवायचं म्हणजे कसंसंच वाटतं. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी बायकोला गाठलं.

"तू माझं नाव सुचव. मी दोनदा नको म्हणेन. तिसऱ्यांदा आग्रह झाला की हो म्हणेन."

"पहिल्यांदाच हो म्हटलं तर काय बिघडेल?"

"हावरटपणा दिसतो गं! आमच्या घरात साधा चहासुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय कुणी घेत नाही."

"म्हणूनच तुमच्याकडचा चहा कायम गार असतो," ती म्हणाली. पण तयार झाली.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष होते तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर. बायकोनं माझं नाव सुचवलं, शेजारच्या डेंटिस्टनं अनुमोदन दिलं. सगळं ठरल्याप्रमाणे. मी उठून हात जोडले.

"छे छे! मी कसला सचिव? मला नको."

"ते करतील हो," बायको म्हणाली.

"नको, खरंच नको!" (इथं मी जरा रंगात आलो.) "अहो, मी भयंकर विसराळू. हिशेबाच्या नावानं तर बोंबच. परवा घराला बाहेरून कुलूप लावून ऑफिसला गेलो आणि सासूबाई आत!"

हशा पिकला. मी तिसऱ्या आग्रहाची वाट बघत तसाच उभा राहिलो.

"खरंय," डेंटिस्ट म्हणाला. "माझ्याकडे आले तेव्हा कुठला दात दुखतोय तेच विसरले होते. मी अनुमोदन मागे घेतो."

"प्रामाणिक माणूस!" हेडमास्तर म्हणाले. "बसा तुम्ही. वहिनी, तुम्हीच का होत नाही सचिव?"

"हो," बायको म्हणाली.

संपलं! एका शब्दात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगतो कुणाला? पण वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"आता पाण्याचं," हेडमास्तर म्हणाले. "वॉचमन पहाटे येत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला रोज पाच वाजता कुणीतरी उठायला हवं. नाव सुचवा."

"ह्यांचं," नव्या सचिव म्हणाल्या.

"नको!" मी ताडकन उठलो. "अगं, मला जाग येत नाही! मला खरंच नको!"

हेडमास्तरांचं पेन थांबलं. "वहिनी, हे तर नको म्हणताहेत."

"त्यांच्या घरची पद्धत आहे ती. दोनदा नको म्हणावं लागतं. आत्ता झालं दोनदा म्हणून," बायको म्हणाली. "लिहा तुम्ही."

हेडमास्तरांनी लिहिलं. अनुमोदन डेंटिस्टनं दिलं.