राणीचं सुतक

तुंगार्लीच्या तळ्याकाठच्या बंगल्यात राणी वारली, तेव्हा रावसाहेब टिपणिसांनी पहिलं काम केलं ते बंगल्याचा रखवालदार हौशीराम याच्या गळ्यात पडून रडण्याचं. राणी म्हणजे रावसाहेबांची कुत्री. पाडव्याचं श्रीखंड तिला जरा जास्त झालं. हौशीरामही मोकळेपणी रडला. त्याला रडायला कारण लागत नसे. रावसाहेब हसले की तो हसे आणि रावसाहेब शिंकले की ह्याला पडसं येई.

रावसाहेब मुंबईच्या कचेरीतून पेन्शन आणि पदवी घेऊन लोणावळ्याची हवा खायला आले होते. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. राणीला ते लेक म्हणत, आणि नुसतं म्हणून थांबत नसत. तिचं बारसं झालं होतं. वाढदिवसाला तिला पाटावर बसवून ओवाळत, आणि ओवाळायचं काम हौशीरामच्या बायकोकडे, धोंडाबाईकडे असे. राणी चांदीच्या वाटीत दूधभात खाई आणि धोंडाबाई ती वाटी घासून घरी जाऊन भाकरी-ठेचा खाई. गेल्या वर्षी हौशीरामची आई गेली, तेव्हा ह्याच रावसाहेबांनी "म्हातारी होती, चालायचंच" म्हणून त्याला दुसऱ्याच दिवशी कामावर बोलावून घेतलं होतं. राणीला फिरवायचं राहिलं होतं.

पण हौशीरामला त्याचं काही वाटलं नाही. लाचारी एकदा अंगवळणी पडली की ती माणसाला मानासारखी वाटू लागते. "रावसाहेब, तुमी मला थोरल्या भावावानी," तो आल्यागेल्यासमोर म्हणे. "मंग राणी माजी पुतणीच न्हवं का?" रावसाहेब खूश होत आणि आपला एखादा जुना कोट त्याला देत.

राणीसाठी तिरडी बांधली. लोणावळ्याहून भटजी आले. कुत्रीसाठी मंत्र म्हणायचे म्हटल्यावर त्यांनी आधी कानांवर हात ठेवले, पण रावसाहेबांनी शालजोडी पुढे केली तेव्हा त्यांना शास्त्रात आधार सापडला. पुढचा खांदा हौशीरामने दिला. बागेत चाफ्याखाली सगळं आटोपल्यावर रावसाहेब डोळे पुसत म्हणाले, "हौशीराम, आता दहा दिवस आपल्याला सुतक. मी बाप, तू काका. देवाला शिवायचं नाही, दहाव्याला दाढीमिशी उतरवायची."

हौशीरामचे अश्रू तिथल्या तिथे सुकले.

कारण पाचव्या दिवशी गावच्या भैरोबाची जत्रा होती. पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचा मान रखमाजीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. हौशीरामने पंचांच्या घरी खेटे घालून, रावसाहेबांचा शब्द टाकून, यंदा तो आपल्याकडे ओढून आणला होता. नवा फेटा लोणावळ्याच्या बाजारातून नव्हे, थेट पुण्याहून आणला होता. मिशांना तर महिनाभर तो लोणी चोळत होता. आणि सुतक असलेल्या माणसाला पालखीच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

घरी येऊन त्याने धोंडाबाईला सगळं सांगितलं.

"मंग सांगा की त्यास्नी, कुत्रं व्हतं म्हनून," ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली.

"आन्‌ नोकरी गेली म्हंजी?"

"मंग बसा सुतकात. पुतणी पुतणी तुमीच करत व्हता. म्या कदी म्हनलं तिला पुतणी?"

"आगं, पर पालखी रखमाजीच्या खांद्याव जाईल. त्यो मला जल्मभर बोलून दाखवील."

हे मात्र धोंडाबाईलाही सोसण्यासारखं नव्हतं. रखमाजीची बायको पाणवठ्यावर काय बोलेल हे तिला आत्ताच ऐकू येऊ लागलं. तिने भाकरी थापता थापता विचार केला आणि भाकरी उलटताना ती म्हणाली, "राणीला औंदा पिल्लं झालती न्हवं?"

"झालती. त्याचं काय?"

"म्हंजी लेकुरवाळी झाली. लेकुरवाळी म्हंजी दिलेली लेक. दिलेल्या लेकीचं म्हायेराला तीनच दिस सुतक असतं. माजी भन गेली तवा आमच्या आबानं तीनच दिस धरलं व्हतं."

हौशीरामने आयुष्यात पहिल्यांदाच बायकोकडे कौतुकाने पाहिलं. हा मुद्दा आपल्यालाच सुचला असं तो सकाळपर्यंत स्वतःला पटवूनही बसला.

सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात रावसाहेब घोंगडीवर बसले होते. भटजी शिध्यासाठी थांबलेले होतेच. रखमाजीही भेटायला आला होता. त्याने तोंड दुखवट्याचं केलं होतं, पण आला होता तो सुतक नीट लागलंय ना, हे बघायला. हौशीराम पायरीवर उकिडवा बसला आणि त्याने दिलेल्या लेकीचा मुद्दा मांडला.

रावसाहेब गंभीर झाले. राणीला कुणी कुमारी म्हणावं हे त्यांनाही आवडलं नसतं. पिल्लं चार आणि ती सगळ्या गावाने पाहिलेली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी राणी सुवासिनी गेली. भटजी, काय म्हणतं शास्त्र?"

"माहेरी तीन दिवस," भटजी म्हणाले. "स्पष्टच आहे."

हौशीरामचा हात मिशीवर गेला. तेवढ्यात रखमाजी खाकरला.

"माहेराला तीन, ते बराबर. सासरला किती, बुवा?"

"सासरी पूर्ण दहा. ते तर कुणालाही ठाऊक आहे."

"आन्‌ सासर कुटलं म्हनायचं?"

"खंडाळ्याच्या पारशी शेटजींचा विलायती कुत्रा आहे ना," रावसाहेब अभिमानाने म्हणाले. "मोठ्या घराण्यातला आहे."

"त्यो न्हाई, रावसाहेब," रखमाजी अगदी हळू आवाजात म्हणाला. "पिल्लं झाली तवा वाण्याच्या वट्यावर ह्योच बसून सांगत व्हता. 'आमचा काळ्या रावसाहेबांचा जावय झाला. आता म्या नोकर न्हाई, म्या व्याही.' समद्या गावानं ऐकलंय. वाण्याला बलवू का?"

सगळ्यांचं लक्ष पायरीखाली गेलं. तिथे हौशीरामचा कुत्रा काळ्या मागच्या पायाने कान खाजवत बसला होता. शेपटीचा गोंडा पांढरा, तसाच पांढरा गोंडा चारही पिल्लांना होता. आजवर हे रावसाहेबांना दिसलं नव्हतं, कारण मोठ्या माणसांना नको ते दिसत नाही.

"हौशीराम," रावसाहेब म्हणाले, "खरं आहे हे?"

हौशीरामने मनात हिशेब केला. नाही म्हणावं तर पांढरे गोंडे पाहिल्यावर शेटजींचा कुत्राही जावई ठरत नाही आणि लेक दिलेली ठरत नाही, म्हणजे तो पुन्हा काका आणि दहा दिवस डोक्यावर. हो म्हणावं तर तो व्याही आणि दहा दिवस डोक्यावरच. शिवाय नाही म्हटलं तर रावसाहेबांच्या लेकीच्या अब्रूवर आपल्या तोंडाने शिंतोडे उडवल्यासारखं होणार. दोन्हीकडून मान अडकली तरी ती वाकवायची सवय काही सुटली नाही.

"व्हय जी," तो म्हणाला. "पदरात घेतली व्हती आमी."

रावसाहेबांनी काळ्याकडे एकदा तुच्छतेने पाहिलं, मग उसासा टाकला. नशिबात असतं ते होतं, असं काहीसं पुटपुटून ते उठले आणि त्यांनी हौशीरामला आलिंगन दिलं. "व्याहीबुवा, धीर धरा," ते म्हणाले. रखमाजीने दोघांना लवून नमस्कार केला आणि फेटा धुवायला टाकायचाय म्हणून तो घाईने निघून गेला.

चौथ्या दिवशी रावसाहेब न्हाऊन मोकळे झाले. पाचव्या दिवशी जत्रेत त्यांना मानाची खुर्ची मिळाली, भैरोबाचा नारळही त्यांच्याच हातून फुटला. पालखी हौशीरामच्या दारावरून गेली तेव्हा पुढच्या दांड्याखाली रखमाजी होता आणि तो मुद्दाम सावकाश चालत होता. धोंडाबाईने नवऱ्याला घरात ओढून दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून आत आलेला गुलाल पुण्याहून आणलेल्या फेट्यावर बसला.

संध्याकाळी काळ्या परत आला. बायको त्याची मेली होती, पण त्याला सुतक कुणी सांगितलंच नव्हतं. तो दिवसभर जत्रेत हिंडला होता, पाठीवर गुलाल होता, पोट टरारलेलं होतं आणि तोंडात कुठल्याशा चुलीवरचं हाड होतं. ते त्याने उंबऱ्यात बसलेल्या हौशीरामच्या पायाशी ठेवलं आणि वर बघत शेपूट हलवायला लागला.

धोंडाबाई अळणी भात वाढत होती.

"शेपूट बाकी ब्येस हलवतोय," ती म्हणाली. "पर त्यो पोट भरल्याव हलवतो. तुमी उपाशी हलवता."