किसनभाऊंची पाहुणी

आमचे शेजारी किसनभाऊ कुणालाच घरात येताना चपला काढू द्यायचे नाहीत. "पायात असू द्या ताई, पाहुणी हाये आत," म्हणायचे. पाहुणी म्हणजे घोणस. चांगली जाडजूड, विषारी, आणि मुक्काम कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात.

सोमाटण्याला त्यांच्या आणि आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. भाऊ गुलाबशेतीच्या शेडवर कामाला होते तेव्हापासून साप धरतात. धरलेला साप त्याच दिवशी बेडशाच्या डोंगरात नेऊन सोडायचा, हा त्यांचा नेम. ही मात्र शेडच्या जाळीत अडकून पाठीवर कापली होती. "जखम भरस्तवर ठिवतो," म्हणाले.

झालं, माझी झोप उडाली. मुलगी नुकतीच रांगायला लागलेली, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालायची. नवरा तळेगावला कंपनीत, कायम पाळ्यांवर. घोणस चिडली की कुकरसारखी फुसफुसते, असं भाऊंनीच कौतुकानं सांगितलं. त्या दिवसापासून मी डाळ पातेल्यात शिजवायला लागले. दाराखालच्या फटीत जुन्या साड्या कोंबल्या.

सकाळ-संध्याकाळ मुलीला कडेवर घेऊन मी त्यांच्या दारात. "भाऊ, आहे ना आत?"

"हाये की. आज जरा नाराज हाये, जेवली न्हाई." नाहीतर, "आज लय गुणी. बघता का, झाकण काढू?"

"नको, नको."

मग ते चहा टाकायचे. झाकणावर मसाल्याचा पाटा ठेवलेला असे. मावशी, म्हणजे भाऊंची बायको, वारल्यापासून त्या पाट्याला दुसरं काम उरलं नव्हतं. त्याच्यावरची नजर न काढता मी उभ्याउभ्याच चहा संपवायचे.

दसरा झाला तरी जखम काही भरेना. शेवटी माझं डोकं फिरलं. "भाऊ, आज एक तर ती जाईल, नाहीतर आम्ही खोली सोडतो. मी वनखात्याला फोन लावते."

भाऊंनी पाटा उतरवला, झाकण काढलं आणि पिंप माझ्याकडे कलतं केलं. तोवर मी मुलीसकट त्यांच्या खाटेवर चढले होते. आत काहीच नव्हतं.

"पळाली?" मी खाटेवरूनच जमिनीवर सगळीकडे नजर फिरवली.

"न्हाई ओ. गणपतीच्या आदीच सोडली. जखम कवाच भरली हुती."

"मग नाराज आहे, जेवली नाही, हे रोज काय सांगत होता मला?"

भाऊ रिकाम्या पिंपात बघत राहिले. "गेली म्हनलं असतं, तर तुमी रोज इचारायला कशाला आला असता, ताई?"

खरं तर मला भांडायचं होतं. इतके दिवस जीव मुठीत धरून काढले होते मी. पण नाराज कोण होतं आणि जेवत कोण नव्हतं, ते त्या क्षणी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"चहा टाका," मी म्हटलं, आणि खाटेवरून उतरून मुलीला पहिल्यांदाच त्यांच्या जमिनीवर सोडलं.