सुकटचा पट्टा
"कुत्र्याच्या पट्ट्यासाठी गाडीला भोक पाडताय?" कमळाबाईंनी दारातूनच विचारलं.

"पाडावंच लागेल. परवा सुकटने खिडकीतून मिठागरात उडी मारली. आपटला असता म्हणजे?" धर्माजी मास्तर म्हणाले.

सुकट म्हणजे त्यांचा कुत्रा. आणला तेव्हा तो नावासारखाच, वाळक्या मासळीसारखा दिसत होता, आता अर्धी मागची सीट व्यापतो. आणि गाडी म्हणजे मास्तरांची जुनी फियाट. तिच्यात पट्टे नव्हतेच. लग्नानंतर कमळाबाईंनी एकदा पट्टा मागितला होता, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "मूळ गाडीत नाही. मूळ गाडीला मी हात लावणार नाही." तेव्हापासून बाई दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून प्रवास करत आल्या.

"रविवारी पोरीच्या नव्या घरी तुम्ही आणि सुकट जा," त्या म्हणाल्या. "मी एसटीने येते." आणि आत निघून गेल्या. लेकीच्या गृहप्रवेशाला आई-बाप वेगवेगळे उतरणार, या विचाराने मास्तरांचा चहा गार झाला. पण बाईंचं काय बिनसलं, ते काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

ते गाडी घेऊन उरणला काळूरामच्या गॅरेजात गेले. काळूरामचा हात कंटेनरच्या ट्रेलरवर बसलेला. भोक पाडायला गेला तर खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा हातात आला. मग खालून लोखंडी प्लेट वेल्डिंग केली. एवढ्या प्लेटला साधा पट्टा शोभेना, म्हणून ट्रेलरवर माल आवळायचा रुंद पिवळा पट्टा लावला, खटक्यासकट.

"अरे, कुत्रा आहे तो!"

"मास्तर, हत्ती बसवा. हालनार न्हाय!"

घरी आल्यावर सुकट पट्टा बघताच दोन सीटांच्या मध्ये खाली दडला. मास्तरांनी अर्धा तास बिस्किटं दाखवली. शेवटी कमळाबाईंना कुत्र्याची दया आली. "घाबरलाय तो. सरका, मी बसून दाखवते." त्या बसल्या, मास्तरांनी खटका ओढला, पट्टा करकचून आवळला आणि अडकला. पक्कड चालेना, कात्री चालेना. सुकट मात्र बाहेर येऊन बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

मास्तरांनी फोन लावला. काळूराम म्हणाला, "मी ट्रेलरखाली हाय. गाडीच घेऊन या."

"अहो, घरातल्या साडीवर?" कमळाबाई ओरडल्या. पण गाडी निघाली होती.

खड्डे आले, ट्रेलर अंगावरून गेले. मास्तरांचे कान मागे लागले होते. नेहमीचं "हळू! अहो, हळू!" ऐकू येईना. घाबरून त्यांनी आरशात पाहिलं. कमळाबाई पदराला बांधलेल्या शेंगा दोन्ही हातांनी सोलत होत्या. एक दाणा स्वतःला, एक सुकटला. मध्येच म्हणाल्या, "खाडीत किती बगळे आहेत हो! मला कधी दिसलेच नाहीत."

आजवर या रस्त्यावर बाईंनी फक्त ती मूठ पाहिली होती. मास्तरांना फार लाज वाटली.

गॅरेजात काळूरामने एका बोटाने कडी उलटी दाबली. पट्टा सुटला. "एवढंच होतं. उतरा काकी."

काकी उतरल्या नाहीत. "परत लाव," त्या म्हणाल्या. "जरा सैल."

काळूरामने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी स्टिअरिंगमागे बसूनच चष्मा काढून उगाच पुसला.

"काळूराम, त्या बाजूला अजून एक भोक पाड."

"आता कोनाला?"

"कुत्र्याला."

"आनि मग ह्यो पयला कोनाचा?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. बाईही आरशातच बघत होत्या.

"तो मूळ गाडीतलाच आहे," मास्तर म्हणाले. "बसवायचा राहून गेला होता."