शांततेची चाचणी

मेहुणी त्याला ‘इंजिनिअर’ म्हणायची. त्याने एकदा घरातली इस्त्री दुरुस्त केली होती, तेव्हापासून. (ती इस्त्री हल्ली दाराला टेकू म्हणून कामाला येते.)

अकरा वर्षांच्या खंडानंतर बायकोची नोकरीसाठी मुलाखत होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. ही हुकली तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिने बजावलं होतं. त्याने खास रजा काढली, सगळी उत्तरं कागदावर लिहून दिली आणि स्वतःवर खूश होत बाहेरच्या खोलीत बसला. आत ती, कानाला हेडफोन, दार बंद.

मुलाखत सुरू झाली आणि याच्या डोक्यात आलं, ऐन वेळी तिचा कॉम्प्युटर टिंग टिंग करायला लागला तर? आत जायची सोय नव्हती. मग आपल्या लॅपटॉपवरून तो हळूच तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि सगळे आवाज बंद करायची कमांड दिली. पण बंद झाले की नाही, हे कळणार कसं? वाजवून बघायलाच हवं. त्याने दुसरी कमांड टाइप केली. चूक झाल्यावर जो आवाज येतो, तो वाजव. कान टवकारले. सामसूम. खात्रीसाठी पुन्हा वाजवला. सामसूम. अशी त्याने तब्बल बारा वेळा खात्री करून घेतली आणि समाधानाने पाय पसरले.

तासाभराने दार उघडलं. ती घामाघूम झाली होती.

“मिळाली. सोमवारपासून या म्हणाले.”

तो आनंदाने उठून उभाच राहिला.

“पण माणसं फार कडक हो,” ती म्हणाली. “उत्तर चुकलं की लगेच कानात ढॅण्ण वाजवतात. मी मोजलं, बारा वेळा.”

आता त्याच्या लक्षात आलं. आवाज बंद झालेच नव्हते, ते तिच्या हेडफोनमध्ये वाजत होते.

“तुमचं ते ‘नम्रपणे एक संधी मागते’ सुरू केलं, ढॅण्ण. पुढचं वाचलं, ढॅण्ण ढॅण्ण. शेवटी कागद ठेवला बाजूला. सरळ सांगितलं, अकरा वर्षं सासूबाईंचं आजारपण, दोन मुलं आणि एक इंजिनिअर सांभाळलाय, तुमचं ऑफिस काय जड जाणार. तेव्हापासून एकदाही वाजलं नाही बघा.”

गप्प बसणं त्याला जमलं असतं, तर मग काय हवं होतं. “अगं, ते वाजवणारे ते लोक नव्हते. मी होतो.”

तिने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्हणजे आपलं चुकलंय, हे तुम्ही बारा वेळा कबूल केलंत,” ती म्हणाली. “लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिल्यांदाच.”