बिनदाराची खोली

साल १९७४. त्या वर्षी निजामपुऱ्यात लूमला, म्हणजे यंत्रमागाला, जागा मिळत होती, माणसाला नाही. ओटीवर लूम, गोठ्यात लूम. अनसूयाबाईंचं घर तेवढं मोकळं होतं. इतकं मोकळं, की नवरा गेल्यावर त्या आणि थोरली नणंद आक्का एकमेकींना जेवायला हाका मारूनच दमायच्या.

यावर कल्याणच्या दिरांनी, अवधूतरावांनी, इलाज शोधला. "वहिनी, गुरुवारी संध्याकाळी एक लूमवाला शेठ घर बघायला येतोय. माजघरात बारा लूम बसतील म्हणतो. घर विका आणि चला आमच्याकडे."

"घर माझ्या नावावर आहे, भावजी. माजघराच्या चार खोल्या करून चार बिऱ्हाडं ठेवणार. पहिली ठकुबाईची. शब्द दिलाय मी तिला."

ठकुबाई काल्हेरची. नवरा लूमवर आणि संसार लूमच्याच मागे, पत्र्याच्या आडोशाला. नवरा रात्रपाळीला गेला की बाकीच्यांना आडवं व्हायला मिळायचं. दिवसपाळी लागली की पोरं बसून झोपायची.

शेठच्या आधी भिंती उभ्या राहिल्या पाहिजेत, असं अनसूयाबाईंनी ठरवलं. बुधवारी त्यांनी माजघरात रांगोळीनेच भिंतींच्या रेघा ओढल्या, दारांपुरती जागा मोकळी सोडली. गुरुवारी उजाडता उजाडता मानकोलीचा चिंधू गवंडी भाऊबंदांना घेऊन आला. त्याला ओटीवरच बजावलं, "रेघ सोडायची नाही, कोणी काहीही म्हणो." आणि त्या ठाण्याला जुनी दारं आणायला गेल्या.

पण आक्का त्याआधीच उठल्या होत्या. घरात तुटकी रांगोळी? त्यांनी सगळ्या रेघा नीट जोडल्या, वर चारी कोपऱ्यांत कमळं काढली.

दहाच्या सुमारास अवधूतराव आले. विटांचा ढीग बघून त्यांचं डोकं फिरलं. कापडी आरामखुर्ची ओढून ते चौथ्या चौकोनात मधोमध बसले.

"मी इथून हलणार नाही. बघतो कशी भिंत बांधतोस."

"बांधतो की," चिंधू म्हणाला. "रेघ तुमच्या चारी बाजूंनी हाय, काका. खुर्चीखाली न्हाय."

भिंत कमरेला आल्यावर मात्र चिंधूला शंका आली. "काका, दार कुठं सोडू?"

"दार कशाला? उठायचंय कुणाला?"

"बाय पन म्हनली, रेघ सोडू नको." चिंधूने पुढचा थर लावला.

आक्का भिंतीवरून भावाला चहा देत राहिल्या. जेवणही वरूनच गेलं. मग अवधूतरावांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिंती डोक्यावर गेल्या होत्या. ते घाईने खुर्चीवर चढले, तर कापड टर्रकन फाटलं.

अनसूयाबाई टेम्पोतून चार दारं घेऊन आल्या. घरात चार खोल्या तयार, आणि दार लावायला एक भोक नाही!

"आक्का, हे काय?"

"तुटकी रांगोळी घरात ठेवतात का, अनसूये? तुला म्हणून बोलले नाही."

तेवढ्यात शेठ आला. "अवधूतभाई किधर है?"

"इधर," भिंत म्हणाली.

शेठने चारी बाजूंना पाहिलं. "लूम किधर बैठेगा?"

"पहले मेरेको बाहर निकालो, शेठ."

"जो अपने घर से निकल नहीं सकता, वो मेरेको क्या घर दिलाएगा?" शेठ चपला घालून चालता झाला.

अनसूयाबाई भिंतीपाशी गेल्या. "भावजी, दार कुठे ठेवू?"

"कुठेही ठेवा."

"असं नाही. दार ठेवलं की खोली झाली, खोली झाली की बिऱ्हाड आलं. तुमच्या तोंडून ऐकू दे."

आतून बारीक आवाज आला, "अंगणाच्या बाजूला ठेवा. आणि लवकर. आक्काने सकाळपासून चार वेळा चहा पाजलाय."

चिंधूने ओल्या विटा भराभर काढल्या. अवधूतराव कुणाकडे न बघता परसाकडे पळाले.

ठकुबाईने त्या घरात दोन पोरी उजवल्या. चिंधू पुढे काल्हेरला कंत्राटदार झाला, पण पाया खणायच्या आधी दार कुठे ते विचारायचा. आक्का शेवटपर्यंत म्हणत, कमळांमुळेच घर टिकलं. अनसूयाबाईंनी घर कधीच विकलं नाही. अवधूतराव तीन वर्षं बोलले नाहीत, मग मुलाशी बिनसलं तेव्हा ट्रंक घेऊन आले आणि चौथीच खोली मागितली. पुढे एक दुसरा शेठ घर मागायला आला. अवधूतरावांनी नवं कापड लावलेली खुर्ची बाहेर काढली, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मी इथून हलणार नाही."

फक्त या वेळी त्यांनी खुर्ची दारात ठेवली होती.