मामाच्या लग्नाची रजा

आंधळगावच्या एका अंगणात, मंडईच्या दुपारी, बनियनवर उभा असलेला एक माणूस. हातात सुरी, समोर कांद्याचा ढीग, डोळ्यांत पाणी.

शहापूरच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेला ठराव: मंडई, सहल अथवा फिरणे या कारणासाठी विद्यार्थ्यास रजा मिळणार नाही. खाली, जरा मोठ्या अक्षरांत, अध्यक्ष.

पचमढीत एका दगडावर चढून आभाळाकडे मोबाईल धरलेला गृहस्थ.

चमकदार कागदात गुंडाळलेला स्टीलचा डिनर सेट.

पाहुण्यांनी न पिता ठेवलेला चहा. त्यावर धरलेली साय.

यांतल्या कशाचा कशाशी संबंध नव्हता. तो अश्विनने जोडून दिला.

अश्विन भंडाऱ्याला एका कार्यालयात कारकून आणि आपल्या गावच्या, शहापूरच्या, शाळा समितीचा अध्यक्ष. झाडीपट्टीत दिवाळीची सुट्टी संपते तेव्हाच खरी दिवाळी सुरू होते. रोज एका गावची मंडई, म्हणजे जत्रा. आज मावशीकडे कोंबडा, उद्या आत्याकडे दंडारीचा खेळ, परवा काकाकडे रात्रीचं नाटक. शाळा उघडी, गुरुजी हजर आणि वर्ग आकाशपाळण्यात. अश्विनने सभेत टेबल आपटून ठराव मांडला होता. "बाबासाहेबानं शिका म्हणून सांगतलं, मंडया फिरा म्हणून नाही!" टाळ्या पडल्या. ठराव भिंतीवर चढला. लग्न, मरण आणि आजार, एवढ्यालाच रजा.

मग साहेबांनी अश्विनची रजा मंजूर केली. दिवाळीत साहेब स्वतः फिरायला गेले होते, त्यामुळे अश्विनच्या वाट्याला आली ती दिवाळीनंतरची. पचमढीची हॉटेलं रिकामी होती आणि चौथीतली त्याची लेक प्रेरणा मात्र भरलेल्या शाळेत होती.

"पोट्टी आजारी हाये म्हणून सांगू," त्याची बायको हर्षा म्हणाली.

"गुरुजी मोसंब्या घेऊन पाहाले येतीन. तुले गुरुजी मालूम नाही का?"

"मंग कोणी मेलं म्हणून सांगा."

कोपऱ्यात तांदूळ पाखडणाऱ्या त्याच्या आईने, बायजाबाईंनी, सूप खाली ठेवलं. "मायाकडं काहून पाहून राहिले बे दोघंबी?"

"नाही माय, तुयाकडं नाही पाहून राहिलो."

"पाहूच नोको. मले मारलं त मी सोता शाळेत जाऊन हजेरी देईन."

आजार गेला, मरण गेलं. उरलं लग्न. आणि लग्नासाठी घरात एकच उमेदवार शिल्लक होता, हर्षाचा भाऊ अतुल. त्याचं आंधळगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. नोकरी नाही म्हणून इतक्या ठिकाणांहून नकार आले होते, की आता नकार आला तरी घरात कुणी भाजी परतायचं थांबत नसे.

वर्गशिक्षक लिलाधर गुरुजींनी रजेचा अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. "मामाचं लगन? आत्ता? पंचांगात त एकबी मुहूर्त नाही जी."

"आमच्यात मुहूर्त नाही पाहात गुरुजी. पंचशील घेतलं, हार घातले, झालं."

"हे बेस हाये तुमचं," गुरुजी मनापासून म्हणाले. "नवरी कोण्या गावची?"

"बालाघाटकडची," अश्विन म्हणाला. बालाघाट पुरेसं लांब होतं.

तिकडे आंधळगावलाही काहीतरी सांगणं भाग होतं, कारण त्या शनिवारी तिथली मंडई आणि लेक-जावई आले नाहीत तर सासूबाई वर्षभर विचारणार. हर्षाने फोन केला, "प्रेरणाची परीक्षा हाये माय, नाही जमत." शाळेला सांगितलं, आंधळगावात लग्न आहे. आंधळगावला सांगितलं, शाळेत परीक्षा आहे. दोन थापांमध्ये अख्खा मोहाडीचा रस्ता होता. अश्विन निर्धास्त होऊन एसटीत बसला.

लिलाधर गुरुजींना आमंत्रण नाही याचं वाईट वाटलं, पण ते रुसणाऱ्यांतले नव्हते. अध्यक्षांच्या घरचं कार्य, बोलावलं नाही तरी आहेर चुकवायचा नसतो. त्यांनी सगळ्या शिक्षकांकडून वर्गणी काढली. शनिवारी शाळा सकाळची असते. आणि आंधळगाव ही गुरुजींची सासुरवाडी.

पचमढीत अश्विनचा फोन वाजला.

"भाऊजी, कुठं हा?" अतुल.

"परीक्षा चालू हाये ना. शाळेत."

"चौथीचा पेपर तुम्ही देऊन राहिले का? तुमचे गुरुजी त माया अंगणात उभे हायेत. डिनर सेट घेऊन."

रेंज गेली. अश्विन पळत जाऊन दगडावर चढला.

"हॅलो! अतुल! डिनर सेट कायचा?"

"लगनाचा! मी कांदे कापून राहिलतो जी. त्यायनं बनियनवरच मिठी मारली मले. म्हणे, 'अभिनंदन नवरदेव, बालाघाटची नवरी कुठं लपवली?' म्या डोळे पुसले त म्हणे, 'आनंदाश्रू हायेत.'"

"हासून टाक मंग!"

"कोणापुढं हासू? आंबागडचे पाहुणे सामने बसले होते. पोरगा पाहाले आलते, मंडईच्या निमित्तानं. सकाळीच फोन आलता त्यायचा. परसरामजी, रिटायर हेडमास्तर. चहा तसाच ठेवून उठले."

"तू सांगतलं नाही, लगन नाही झालं म्हणून?"

"सांगतलं ना! म्हणाले, 'शाळेचा मास्तर खोटं बोलून राहिला का?' आता मी काय म्हणू?" मग अतुलचा आवाज खाली आला. "भाऊजी, पोरगीबी संग आलती. रत्नमाला नाव हाये तिचं. मास्तरीण हाये, तरी तिनं माया नोकरीचं विचारलं नाही. दुकानात काय काय दुरुस्त करता, हे विचारलं. मले हे लगन पाहिजे जी."

अश्विन दगडावरून उतरला. खाली प्रेरणा उभी होती. "पप्पा, मामाचं लगन झालं का?"

"नाही बाई. मोडलं बहुतेक."

रविवारी परत आल्यावर अश्विन आधी गुरुजींच्या दारात गेला आणि सगळं कबूल करून बसला.  गुरुजींनी एकच विचारलं, "म्हणजे आहेर वापस घ्या लागते का?"

अश्विन, अतुल आणि साक्षीदार म्हणून गुरुजी असे तिघं आंबागडला पोचले. गुरुजींनी डिनर सेट सोबत घेतला होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला परसरामजींचं घर. 'जयभीम' झालं, पण 'बसा' म्हणायला वेळ लागला.

अश्विनने उभ्यानेच सांगितलं. परसरामजींचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"म्हणजे पोराचं लगन झालं नाही?"

"नाही जी."

"बालाघाटची बाई नाही?"

"कोणीच नाही जी, कोण्याच गावची नाही," अतुल कळवळून म्हणाला.

"मंग शाळेत लगन काहून सांगतलं?"

"पचमढीले जायाचं होतं."

सैल झालेला चेहरा पुन्हा आवळला. "शाळा बुडवून? फिराले?"

अश्विनने मान खाली घातली.

"दुसरी बायको असती त मी समजून तरी घेतलं असतं. माणूस चुकते. पण भर शाळेत पोट्टी उचलून पचमढीले? अख्ख्या नोकरीत म्या एका पोट्ट्याले मंडईची रजा देली नाही! अन् तुम्ही काय, पालक फक्त?"

"अध्यक्ष हायेत जी," गुरुजी मदतीला धावले. "ठराव यायचाच हाये, 'फिराले रजा नाही.' म्या सोता रंगवला भिंतीवर. निळ्या रंगात."



"असल्या घरात मी पोरगी नाही देत," परसरामजी म्हणाले.

"ते घर त्यायचं हाये जी," अतुल म्हणाला. "मायं घर आंधळगावले." पण तो उठला होता. नकार कसा घ्यायचा हे त्याला पाठ होतं. फक्त या वेळी चप्पल पायात जाईना.

आतून रत्नमाला चहा घेऊन आली. तुमसरच्या पलीकडे एका शाळेत ती शिकवत असे. तिने ट्रे अश्विनपुढे धरला आणि हळूच विचारलं, "मामाचंच लगन काहून सांगतलं?"

"अं? म्हटलं, नातं जवळचं पाहिजे."

"अन् गुरुजीनं लगेच मानलं?"

"आहेरबी आणला," गुरुजींनी डिनर सेट उचलून दाखवला.

रत्नमालाने ओठ घट्ट मिटले, पण ट्रेमधले कप वाजायला लागले. ती हसत होती. मग तिने अतुलपुढे कप ठेवला. "बसा जी. चहा घ्या. बाबा, मले पोरगा पसंत हाये."

"अवं! आत्ता काय झालं ते आयकलं नाही का तुनं?"

"आयकलं. शाळा भाऊजीनं बुडवली. यायनं कांदे कापले."

परसरामजी मुलीकडे पाहत राहिले. शेवटी त्यांनी कप उचलला. "लगन मे महिन्यात होईन. भर सुट्टीत. एकाबी पोट्ट्याची शाळा बुडली त मांडवातून उठवीन, सांगून ठेवतो."

"तसा ठराव करू जी," अश्विन सवयीने म्हणाला.

गुरुजींनी डिनर सेट परसरामजींच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मोकळे करून चहा घेतला. येताना अतुल रस्ताभर विचारत होता, "पण तिले पसंत काहून पडलो जी मी?" 

दिवाळीनंतर शाळा उघडल्या त्या पहिल्याच आठवड्यात रत्नमाला भावाच्या लग्नाची रजा टाकून मैत्रिणींबरोबर भेडाघाटचा धबधबा पाहून आली होती. परसरामजींना मुलगाच नाही.